बाइकवरच्या मुक्कामात स्लीपिंग मॅट दरवेळी दगा देते? आधी कारण शोधा, मग नवी घ्या

दिवाळी उरकली की मराठवाड्यात बाइकवर तंबू बांधून निघायचे दिवस सुरू होतात. पाऊस थांबलेला, ऊन सोसण्यासारखं, रानं मोकळी व्हायला लागलेली. या दिवसांत तंबू, बाइक, रस्ते यांपेक्षा जास्त तक्रारी झोपायच्या मॅटबद्दल ऐकू येतात. मॅट घेतली, चांगले पैसे घातले, तरी सकाळी कंबर धरलेली असते. मग पुढच्या मोसमात आणखी जाड मॅट येते, सॅडल बॅग (बाइकच्या बाजूला अडकवायची पिशवी) फुगते आणि दुखणं तिथंच राहतं.

याचं कारण असं की झोप मोडण्याचे चार-पाच वेगवेगळे दोष आहेत आणि आपण सगळ्यांवर जाडी हा एकच उपाय करतो. रात्री किती वाजता जाग येते आणि नेमकं काय दुखतं किंवा गार पडतं, एवढं नीट लक्षात ठेवलं तर दोष बहुतेक वेळा घरबसल्या ओळखता येतो. बऱ्याचदा नवी मॅट घ्यायची गरजही पडत नाही.

आडवं झाल्यावर तासाभरातच खुबा किंवा कंबर दुखते

हवेची मॅट असेल तर पहिला संशय हवेवर घ्या. हवा कमी असल्याचा नव्हे, जास्त असल्याचा. टणक होईपर्यंत फुगवलेली मॅट पाट्यासारखी कडक होते. कुशीवर झोपलं की सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं, ती ठिकाणं मॅटमध्ये रुतायला हवीत आणि कडक मॅट त्यांना रुतू देत नाही. मॅट पूर्ण फुगवा, तुमच्या नेहमीच्या कुशीवर झोपा आणि झोपल्या झोपल्याच व्हॉल्व्ह थोडा थोडा दाबून हवा सोडा. खुबा खाली जाऊन जमीन जवळ आल्यासारखी वाटेल, तिथं थांबा. खुब्याखाली हात घालून पाहिलं तर बोट-दीड बोट हवा शिल्लक असली पाहिजे. उताणं झोपणाऱ्याला थोडी जास्त हवा चालते. हे घरी फरशीवर एकदा करून पाहिलं की हाताला अंदाज बसतो.

फोमची मॅट असेल तर गोष्ट वेगळी. दीड-दोन सेंटिमीटरचा फोम उताणं झोपणाऱ्याला पुरतो. कुशीवर झोपणाऱ्याला सहसा पुरत नाही, मग फोम कितीही चांगला असो. अशा माणसानं पाच सेंटिमीटरच्या आत पाहूच नये, सात-आठ सेंटिमीटर उत्तम. योगा मॅट तर या कामाची नाहीच. ती व्यायामासाठी केलेली असते, जड असते आणि अंगाखाली दबून पापड होते.

आणखी एक गोष्ट बाइकवाल्यांनीच लक्षात घेण्याची. धुळे-सोलापूर महामार्गावरून दिवसभर गाडी हाणून बीडच्या पुढं मुक्काम टाकला, तर माकडहाड आणि कंबर आधीच आखडलेली असते. ते दुखणं मॅटचं नाही. उताणं झोपून गुडघ्यांखाली रायडिंग जॅकेटची गुंडाळी ठेवा, कंबर जमिनीला टेकते आणि ताण उतरतो. जॅकेटमधले कडक गार्ड काढून मगच गुंडाळी करा.

पहाटे मॅट मऊ पडते, पण सपाट होत नाही

हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा दोष. लोक याला गळती समजतात, पंक्चरचं सामान काढतात, दुकानदाराशी वाद घालतात. मॅट मात्र ठणठणीत असते.

आपल्याकडं हिवाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं निवते. संध्याकाळी ३० अंशांत फुगवलेली मॅट पहाटे १२ अंशांवर आली, तर आतल्या हवेचं आकारमान जवळपास ६ टक्क्यांनी घटतं. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण मॅटमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा अगदी थोडाच जास्त असतो, म्हणून एवढी घट पाठीला लगेच कळते. तोंडानं फुगवली असेल तर फरक आणखी वाढतो, कारण श्वासाची हवा गरम आणि दमट असते. ती निवते आणि तिच्यातली वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन बसते.

उपाय साधा आहे. तंबू लावल्यावर लगेच मॅट फुगवून ठेवा, स्वयंपाक-जेवण उरका, हवा गार होऊ द्या. झोपायच्या आधी पुन्हा थोडी हवा भरा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे झोपून बेतात आणा. फुगवायला पंप-पिशवी वापरा, म्हणजे हवा धरून व्हॉल्व्हमधून मॅटमध्ये दाबायची पिशवी. बऱ्याच मॅटची स्वतःची पिशवीच त्या कामाची असते. तोंडाची वाफ आत गेली नाही की आत बुरशीही धरत नाही. फोम भरलेल्या मॅटला बुरशीचा त्रास जास्त होतो.

टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर हल्ली बऱ्याच जणांच्या टूलकिटमध्ये असतो. तो मॅटला कधीही लावू नका. तो फार मोठ्या दाबासाठी बनवलेला आहे, मॅटचे आतले जोड त्यानं फाटू शकतात.

गळती आहे की नाही, याची परीक्षा

घरातल्या बंद खोलीत, जिथं रात्रभर तापमान फारसं बदलत नाही, तिथं मॅट फुगवा आणि वर दोन-तीन गाद्या टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तशीच कडक असेल तर गळती नाही, रानातला मऊपणा थंडीचा होता. अगदी नवी मॅट पहिल्या एक-दोन वापरांत कापड ताणलं गेल्यामुळेही थोडी सैल वाटते. पण घरीही ती खाली बसली असेल, तर भोक आहे किंवा व्हॉल्व्ह बसत नाही. भोकाचं पुढं सविस्तर लिहिलंय. व्हॉल्व्हमध्ये बहुधा धूळ किंवा वाळूचा कण अडकलेला असतो. नाथसागराच्या काठावर किंवा गोदावरीच्या वाळूत मुक्काम झाला असेल तर आधी तेच पाहा, फुंकर मारून आणि ओल्या फडक्यानं पुसून.

रात्री दोन-तीनला जाग येते, वरून पांघरूण असूनही पाठ गार

परभणीची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी झाला की जमीन अंगातली ऊब ओढून घेते. स्लीपिंग बॅग कितीही जाड असो, अंगाखालचा तिचा भाग वजनानं दबतो आणि दबलेल्या भागात हवा उरत नाही, म्हणून ऊबही उरत नाही. खालची थंडी अडवायचं काम मॅटचंच.

इथं जाडी फसवते. आत काहीही न भरलेली सात सेंटिमीटरची हवेची गादी दोन सेंटिमीटरच्या चांगल्या फोमपेक्षा गार असू शकते, कारण आतली हवा मोकळी फिरते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. पोहण्याच्या तलावावरच्या किंवा पाहुण्यांसाठी घेतलेल्या प्लॅस्टिकच्या एअरबेडचं हेच होतं. वरून त्यांचं वजनही फार.

मॅट किती ऊब राखते हे आर-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आकडा जितका मोठा, तितकी थंडी वर यायला अडथळा जास्त. हा आकडा मोजण्याची एक समान पद्धत एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ ३३४० या मानकानं २०१८ मध्ये ठरवली. त्याआधी जो तो कारखाना आपल्या पद्धतीनं मोजायचा, म्हणून जुन्या मॅटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आजही लेबलवर मानकाचा उल्लेख नसेल तर त्या आकड्यावर पैसे लावू नका. मराठवाड्यापुरता ढोबळ हिशोब असा: मार्च ते ऑक्टोबर एकच्या आसपासची मॅट पुरते, थंडीत दोन ते तीन हवी. त्यापुढच्या आकड्यांच्या मॅट हिमालयासाठी आहेत, त्यावर पैसे घालवायची इथं गरज नाही.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट: दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते. म्हणजे गार पडणाऱ्या मॅटखाली पातळ फोम सरकवला की काम भागतं. चंदेरी चकाकणाऱ्या सहलीच्या चटयांचा फार भरवसा धरू नका. चमकदार थर ऊब परत फेकतो खरा, पण त्यासाठी अंग आणि थर यांच्यात हवेची फट लागते. अंग थेट त्यावर टेकलं की फायदा फारसा उरत नाही. तिथं उपयोगी पडतो तो खालचा फोमच.

गावात मुक्काम असेल तर कडबा मागा. ज्वारीच्या कडब्याच्या दोन पेंढ्या सोडून तंबूच्या खाली पसरल्या की जमिनीचा गारठा बराच तुटतो. शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात शहाबादी फरशीवर झोपायची वेळ आली तर मात्र मॅट पूर्ण ताकदीची हवी. दगड मातीपेक्षा कितीतरी वेगानं ऊब खेचतो.

सकाळी मॅट पार जमिनीला टेकलेली

हे पंक्चर. आणि मराठवाड्यात ते कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, सराटे, कुसळ. याहून वाईट म्हणजे काढणी झालेलं रान. ज्वारीची धसकटं, तुरीची आणि पऱ्हाटीची खुंटं तिरपी कापलेली असतात, त्यांची टोकं भाल्यासारखी राहतात. तंबूची तळकट आणि मॅट दोन्ही एका झोपेत जातात.

म्हणून जागा निवडणं हा मॅटच्या निवडीचाच भाग आहे. रानात मुक्काम करायचा तर मालकाला विचारायचंच. त्यातून परवानगी तर मिळतेच, वर जागाही तोच चांगली दाखवतो. असा संवाद इकडं हमखास होतो:

"मामा, एक रात्र तंबू लावू का इथं?"

"लावा की. पण तिकडं पऱ्हाटीत नका. खळ्यावर लावा, सारवलेलं हाय. अन् पाणी लागलं तर हौदावर घ्या."

खळं, गोठ्यापुढचं अंगण, मुरमाड माळ, या उत्तम जागा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा आणि ढेकळं असतात, ती कंबरेत टोचतात. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन तंबूला, बुटाला, चाकाला चिकटते आणि पाणी जिरवत नाही, तेव्हा मुरमाचीच जमीन धरा. देवगिरी, नळदुर्ग अशा संरक्षित किल्ल्यांत रात्री राहता येत नाही. गौताळा, येडशी यांसारख्या अभयारण्यांत वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. पायथ्याच्या गावात सोय सहज होते.

तंबू लावण्याआधी जागेवर अनवाणी नको, पण पातळ तळव्याच्या चपलेनं सावकाश फिरा. काटा पायाला कळतो, डोळ्याला दिसत नाही. मग ताडपत्री, तिच्यावर तंबू, आत पातळ फोम, वर मॅट.

आणि उकडतं म्हणून मॅट बाहेर उघड्यावर टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा बारीक असतो, अनेकदा जागही येत नाही, आणि विष जीवघेणं असतं. जाळीचा तंबू लावा, चेन पूर्ण ओढा. कुणी बाज देऊ केली तर आनंदानं घ्या, बाजेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा नीट खोचा. सकाळी मॅट उचलताना खाली विंचू नाही ना, हे पाहूनच हात घाला.

चिकटणं आणि घसरणं

मार्चनंतर मॅटचं नायलॉन घामानं अंगाला चिकटतं. वर सुती चादर किंवा पातळ गोधडी टाका. गोधडी जागा खाते हे खरं, पण एकाच धुवट लुगड्याची दुपदरी गोधडी सॅडल बॅगेच्या तळाशी सहज बसते. तंबूत घसरणं हे बहुधा उताराचं लक्षण. डोकं चढाला ठेवा. तरी मॅट सरकत असेल तर खालचा पातळ फोम तिला धरून ठेवतो.

मग बाइकसाठी घ्यावी कोणती

माझं मत स्पष्ट आहे: सहा ते आठ सेंटिमीटर जाडीची, आत ऊब राखणारा थर असलेली हवेची मॅट, आणि तिच्याखाली तीन ते पाच मिलिमीटरचा फोमचा तक्ता. हा तक्ता काटे अडवतो, ऊब वाढवतो, घसरण थांबवतो, दुपारी झाडाखाली पसरायला होतो, आणि मॅट फुटलीच तर रात्र निभावतो. फक्त जाड फोम घेतला तर तो फुटणार नाही हे खरं, आणि भरवशाच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण घडीचा फोम अर्धा मीटर लांबीचा ठोकळा होतो, जवळजवळ नऊ लिटरची जागा. हवेची मॅट एक-दोन लिटरच्या बाटलीएवढी होते. आपोआप फुगणाऱ्या, आत फोम भरलेल्या मॅट झोपायला सगळ्यात सुखाच्या, पण चार सेंटिमीटरचीसुद्धा सहा-आठ लिटर जागा घेते. एकट्यानं मागची सीट रिकामी ठेवून जाणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. मागं कुणी बसणार असेल तर विचार सोडा.

रुंदी लोक पाहत नाहीत. बहुतेक मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असतात. त्यावर रुंद खांद्याच्या माणसाचे हात रात्रभर खाली लोंबतात आणि खांदे दुखतात. ६३-६४ सेंटिमीटरची मॅट वजनाला थोडीच जास्त असते, ती घ्या. जागा वाचवायची तर लांबीत वाचवा: डोक्यापासून गुडघ्यापर्यंतची मॅट आणि पायांखाली रायडिंग पँट. दुकानात मॅट फुगवून कुशीवर निवांत पडून पाहा. पाच मिनिटांत उठू नका, खुबा बोलायला वेळ घेतो. हलल्यावर कागद चुरगळल्यासारखा आवाज येत असेल तर तंबूतल्या सोबत्यालाही विचारून घ्या.

बांधताना

मॅट सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत ठेवू नका. उष्णतेनं आतले पडदे चिकटलेल्या जागेवरून सुटतात आणि मॅटच्या मध्ये फुगा येतो. तो फुगा दुरुस्त होत नाही. भर उन्हात तंबूत मॅट फुगवलेली सोडून फिरायला गेलं तरी तेच होतं, हवा तापून फुगते. दुपारी निघताना व्हॉल्व्ह उघडून ठेवा. तंबूच्या खिळ्यांशेजारी, पाना-पक्कडीशेजारी मॅट नको. खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवसभर घासून एखाद्या ठिकाणी कापड झिजतं. कपड्यांच्या मधोमध ठेवा. फोमचा तक्ता बाहेर बांधायचा तर सीटच्या लांबीत बांधा, आडवा नको. उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना हँडलबाहेर आलेलं काहीही नको. आणि बंजीपेक्षा (हुकाच्या लवचिक दोरीपेक्षा) बकलचे पट्टे बरे, बंजी खड्ड्यांत सैल होते.

घरी आल्यावर फोमवाली मॅट गुंडाळून ठेवू नका. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली पसरा, नाहीतर फोम दबलेलाच राहतो. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो, तिथं तर नकोच.

भोक सापडलं तर

मॅट कडक फुगवा, साबणाचं पाणी स्पंजनं लावत जा, आधी व्हॉल्व्ह, मग शिवणी, मग खालची बाजू. बुडबुडे येतात तिथं पेनानं गोल करा. हौद असेल तर घडी घालून एकेक भाग पाण्याखाली दाबा. हौद जनावरांच्या पिण्याचा असेल तर साबण लावलेली मॅट त्यात बुडवू नका.

सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन आणि रबरी पॅच इथं चालत नाही. ते रबरासाठी आहे, मॅटच्या पॉलियुरेथेन थराला ते नीट धरत नाही. मॅटसोबतचा पॅच किंवा पॉलियुरेथेनचा गोंद जवळ बाळगा. जागा स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, हवा काढून मॅट सपाट करा, मग पॅच लावा. गोंद असेल तर रात्रभर तरी हात लावू नका. त्या रात्री निभावायचं असेल तर कोरड्या, पुसलेल्या जागेवर कापडी टेप घट्ट दाबून लावा, आणि ती बाजू खाली करून फोमच्या तक्त्यावर झोपा. पहाटेपर्यंत थोडी हवा गेलीच तर जमीन लागण्याआधी तक्ता लागेल. घरी आल्यावर टेपचा चिकट थर स्पिरिटनं पूर्ण निघेपर्यंत पॅच लावू नका, नाहीतर तोही सुटेल.